वाद्य एकाचे, गाणे दुसऱ्याचे

मिरजेला तयार झालेला तंबोरा आपण कोणाच्या गाण्याला साथ करणार हे कधी विचारीत नाही. भोपळा, त्यावर बसविलेली दांडी, चार तारा आणि घोडीवरची जवारी यांचा मेळ एकदा जमला, की ते वाद्य किराण्याच्या गवयाला सूर देते आणि ग्वाल्हेरच्या गवयालाही देते. दोन घराण्यांचे एकमेकांशी पटो अथवा न पटो, त्याची झळ तंबोऱ्याला पोचत नाही. वाद्य घडविणारा एक, ते वाजविणारा दुसरा आणि चीज बांधणारा तिसराच, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे असे आपल्या मनातही येत नाही.

श्रोतेहो, समजा, उद्या एखाद्या वाद्यकाराने आपल्या तंबोऱ्यात अशी काही युक्ती बसविली, की त्याच्याच दुकानातून विकत घेतलेली चीज गायली तर तारा बोलाव्यात आणि शेजारच्या दुकानातली चीज सुरू करताच त्या मुक्या व्हाव्यात, तर आपण त्याला काय म्हणू? ही कल्पना थट्टेची वाटेल. परंतु २००७ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील अनेक घरांतून जवळजवळ असाच प्रकार घडला. त्याची हकिकत आज सांगावयाची आहे. हकिकत खेळण्याची आहे, पण तिच्यात गुंतलेला प्रश्न पोरखेळ नाही. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवर अखेरची सत्ता कोणाची, विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, हा तो प्रश्न होय.

प्रथम हे खेळणे कसले ते पाहू. दूरचित्रवाणीच्या संचाला एक खेळयंत्र जोडलेले असते. पडद्यावर रस्त्यासारखा एक पट्टा दिसतो आणि त्यावरून रंगीत ठिपके खेळणाऱ्याच्या दिशेने सरकत येतात. खेळणाऱ्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची गिटार असते. तिला तारा नसतात. तिच्या मानेवर हिरवी, तांबडी, पिवळी, निळी आणि नारिंगी अशा पाच कळा असतात, आणि खऱ्या गिटारवर जेथे तारा छेडतात तेथे वरखाली हलणारी एक पट्टी असते. ठिपका ठरलेल्या रेषेवर आला, की त्या रंगाची कळ दाबून त्याच क्षणी पट्टी हलवावयाची. वेळ साधली तर ध्वनिमुद्रणातली गिटार ऐकू येते. चुकली तर बाकीची वाद्ये वाजत राहतात आणि गिटार तेवढी गप्प बसते. संगीताचे शिक्षण नसलेल्या माणसाला लय हाताने अनुभवण्याची संधी यातून मिळते. या खेळाचे सारे आकर्षण येथे आहे.

असा खेळ पहिल्याने अमेरिकेत झाला असे मात्र नाही. जपानमधील कोनामी या कंपनीने १९९८ साली 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा पायांनी खेळावयाचा नृत्याचा खेळ आणला आणि १९९९ साली तीन कळांच्या गिटारवर खेळावयाचा 'गिटार फ्रीक्स' हा खेळ करमणूक केंद्रांतून मांडला. इकडे अमेरिकेत ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या दोघा तरुणांनी १९९५ साली हार्मोनिक्स नावाची संस्था काढली होती. वाद्य न येणाऱ्यालाही वाजविण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी केलेल्या पहिल्या खेळांची जाणकारांनी वाहवा केली. बाजारात मात्र ते फारसे चालले नाहीत.

त्यांना वाद्य पुरविणारा जोडीदार मिळाला तो रेडऑक्टेन या कॅलिफोर्नियातील छोट्या कंपनीच्या रूपाने. चार्ल्स आणि काई हुआंग या बंधूंची ही कंपनी. तिचा व्यवसाय कोणता होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोनामीच्या नृत्याच्या खेळासाठी पायाखाली अंथरावयाची चटई ती बनवीत व विकत असे. म्हणजे खेळ दुसऱ्याचा आणि त्याला लागणारे साधन आपले, या मेळावरच ती उभी राहिली होती. २००५ सालच्या नोव्हेंबरात हार्मोनिक्सने रचलेला आणि रेडऑक्टेनने प्रकाशित केलेला 'गिटार हीरो' अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या सोबत गिब्सन कंपनीच्या एका प्रसिद्ध गिटारच्या आकाराचे पाच कळांचे वाद्य होते. खेळ अपेक्षेबाहेर यशस्वी झाला.

यश आले की वाटण्या होतात. २००६ साली ॲक्टिव्हिजन या मोठ्या कंपनीने रेडऑक्टेन विकत घेतली आणि 'गिटार हीरो' हे नाव व ती प्लॅस्टिकची गिटार दोन्ही आपल्या पदरात पाडून घेतली. त्याच वर्षी संगीत वाहिनी चालविणाऱ्या एमटीव्हीने १७ कोटी ५० लाख डॉलर मोजून हार्मोनिक्स घेतली. एका घरातली दोन भावंडे अशी दोन सावकारांच्या दारी गेली. नाव आणि वाद्य एकाकडे राहिले. ज्यांनी खेळ रचला ते हात दुसऱ्याकडे गेले.

परिणाम ठरलेलाच होता. २००७ सालच्या ऑक्टोबरात ॲक्टिव्हिजनने दुसऱ्या रचनाकारांकडून करवून घेतलेला 'गिटार हीरो'चा तिसरा भाग बाजारात आणला. पुढच्याच महिन्यात, २० नोव्हेंबरला, हार्मोनिक्सचा 'रॉक बँड' आला. त्यात गिटारच्या जोडीला ढोलसंच आणि ध्वनिक्षेपक होता. चौघांनी मिळून वृंद उभा करावा अशी त्याची रचना होती. या संपूर्ण संचाची किंमत होती सुमारे १७० डॉलर. परंतु त्यात गिटार एकच असे. वृंदाला एक मुख्य गिटार हवी आणि खालच्या सुरांची दुसरी हवी. आता ज्याच्या घरी महिन्यापूर्वीच 'गिटार हीरो'ची गिटार आली होती, त्याला वाटणारच, की दुसरी गिटार घरात आहेच. दोन्हींवर पाचच कळा, त्याच रंगांच्या, त्याच क्रमाने. ज्या बोटांनी एक वाजविली त्यांना दुसरी नवी नव्हती.

बोटांना जे कळत होते ते यंत्राला कळत नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रात आपण कोण आहोत हे वाद्याने सांगण्याची रीत आधीच ठरलेली होती. जोडताक्षणी 'मी गिटार आहे' एवढी ओळख वाद्य देई, आणि 'गिटार हीरो'ची गिटार 'रॉक बँड'मध्ये चालत असे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर गिटारसाठी अशी सामाईक ओळख नव्हती. प्रत्येक कारखानदार आपल्या बिनतारी गिटारबरोबर आपलाच ग्राहक-खुंटा देई, आणि कोणता खुंटा ओळखावयाचा हे खेळाला आगाऊ शिकवावे लागे. निन्टेंडोच्या वी या यंत्रावर तर 'गिटार हीरो'च्या गिटारच्या पोटात त्या यंत्राचा हातात धरण्याचा दांडा बसवावा लागे. 'रॉक बँड'ची वाद्ये निराळ्याच मार्गाने जोडली जात. एकाच वाद्याच्या अशा तीन जाती झाल्या होत्या.

प्लेस्टेशनवरील अडचण दूर करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. 'रॉक बँड'ने परक्या गिटारी ओळखाव्यात, 'गिटार हीरो'ची गिटारही ओळखावी, अशी एक छोटी दुरुस्ती हार्मोनिक्सने तयार केली आणि सोनीकडे पाठविली. सोनीने ती तपासून मान्य केली. ४ डिसेंबर हा तिच्या प्रकाशनाचा दिवसही ठरला. परंतु तो दिवस आला आणि दुरुस्ती आली नाही. हार्मोनिक्सने जाहीर सांगितले, की ॲक्टिव्हिजनने हरकत घेतल्यामुळे ती सोनीकडेच पडून आहे. ॲक्टिव्हिजनचे उत्तर असे, की आपले तंत्र प्रतिस्पर्ध्याने वापरावयाचे तर तसा करार झाला पाहिजे. आपण बोलणी करण्यास तयार आहोत, पण प्रस्ताव नाकारला तो समोरच्यांनीच.

येथे ॲक्टिव्हिजनचीही बाजू समजून घेतली पाहिजे. वाद्य बनविण्यास भांडवल लागते, जोखीम लागते. एकाने कोठार भरावे आणि दुसऱ्याने त्यातून जेवण घालून स्वतःचे नाव करावे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला रुचणार नाही. हिशेबाच्या वहीत हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्यात एका माणसाचा विसर पडला होता. ती गिटार ॲक्टिव्हिजनच्या कोठारात उरलीच नव्हती. तिचे पैसे देऊन तिसऱ्याच कोणी ती घरी नेली होती. दोन कंपन्यांच्या भांडणात ज्याची वस्तू अडकून पडली तो या वादात पक्षकारच नव्हता. शिवाय, दुसऱ्याच्या खेळासाठी चटया विकूनच जी कंपनी मोठी झाली, तिच्याच नावाच्या वाद्याला आता दुसऱ्याच्या खेळाची बंदी झाली होती, हा दैवदुर्विलास वेगळाच.

वाद्य आणि गाणे यांच्या जुळणीचा तंटा संगीताच्या व्यापारात यापूर्वीही झाला होता, आणि तो शहाणपणाने मिटलाही होता. त्याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण स्वयंचलित पियानोचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पियानोला नावाचे यंत्र आले. कागदाच्या लांब गुंडाळीला भोके पाडलेली असत. त्यांतून हवा खेळली, की नेमके सूर वाजत. हळूहळू अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या गुंडाळीची रुंदी निराळी, भोकांतले अंतर निराळे, असा गोंधळ माजला. एका कारखान्याचा पियानो घेतला, की दुसऱ्याच्या गुंडाळ्यांना मुकावे लागे. अखेर १९०८ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे कारखानदार एकत्र जमले. गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच. ६५ सुरांच्या गुंडाळीत इंचाला सहा भोके, ८८ सुरांच्या गुंडाळीत नऊ. एवढे ठरले आणि तंटा मिटला. पियानोलाचा जमाना केव्हाच सरला. पण त्या मापाच्या गुंडाळ्या दुरुस्त केलेल्या जुन्या पियानोंवर आजही वाजतात.

दुसरे उदाहरण विद्युत्-वाद्यांचे. १९८० च्या सुमारास एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी बोलू शकत नसे. जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे बाजारातले प्रतिस्पर्धी. पण वाद्यांना एक सामाईक भाषा हवी हे दोघांनाही पटले. १९८१ साली स्मिथ यांनी तशी योजना मांडली आणि १९८३ सालच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात या दोन कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून एकमेकांकडून वाजवून दाखविली गेली. या भाषेचे नाव मिडी. तिच्यात पियानोच्या मधल्या 'सी' या सुराला ६० हा क्रमांक आहे, मग वाद्य कोणत्याही कारखान्याचे असो. ती वापरण्यासाठी कोणाला मोबदला द्यावा लागत नाही. २०१३ साली या दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. १९८३ सालचे वाद्य आजच्या संगणकाला जोडता येते, ही त्यांच्या औदार्याची पावती होय.

प्लॅस्टिकच्या गिटारच्या धन्यांपुढे हे दोन्ही धडे होते. तरी वर्षभर ते भांडले. २००८ साल न्यायालयांच्या पायऱ्या चढण्यात गेले. गिब्सनने आपल्या जुन्या एकस्वाचा भंग झाला म्हणून दावा लावला. २००९ साली त्याचा निकाल ॲक्टिव्हिजनच्या बाजूने लागला. कोनामीने 'रॉक बँड'च्या कर्त्यांवर दावा लावला. परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धात शहाणपण आले. ॲक्टिव्हिजनही आता ढोलसंच आणि ध्वनिक्षेपक घेऊन 'गिटार हीरो वर्ल्ड टूर' आणीत होती आणि कोनामीही तसाच खेळ घेऊन उतरत होती. एवढी अवजड सामग्री कोणी घरात दोनदा, तीनदा घेणार नाही, हे सर्वांनाच उमगले. प्लेस्टेशन ३ वर या खेळांची वाद्ये एकमेकांत चालतील असे सोनीने जाहीर केले आणि ती चालू लागली.

तरी गेलेल्या वर्षाचा व्रण राहिलाच. 'रॉक बँड'च्या ढोलसंचाला चार थाळ्या व एक पायटा होता. 'गिटार हीरो'च्या संचाला तीन थाळ्या, वर बसविलेल्या दोन झांजा आणि पायटा. आधी एकत्र बसून ठरविले असते तर हे टळले असते. आता एकाच्या संचावर दुसऱ्याचे गाणे वाजवावयाचे तर पाच आघातांचे बोल चार थाळ्यांवर बसवावे लागत.

मेळ झाल्यावर हा व्यापार भरभराटला असे मी सांगितले तर ते खोटे होईल. जानेवारी २००९ मध्ये ॲक्टिव्हिजनने 'गिटार हीरो'च्या तिसऱ्या भागाची विक्री १०० कोटी डॉलरवर गेल्याचे जाहीर केले होते. पण त्याच वर्षी त्या नावाचे इतके भाग निघाले, की लोक विटले. शिवाय आर्थिक मंदीचे दिवस होते, आणि घरात वाद्य आहे म्हटल्यावर नवे कोण घेणार? २०१० सालच्या अखेरीस हार्मोनिक्स विकली गेली. २०११ सालच्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने आपला 'गिटार हीरो'चा विभागच बंद केला. मोकळेपणाने कंपन्यांचा नफा वाढला नाही. एक वाद्य पुन्हापुन्हा विकण्याची सोय मात्र गेली. बंदी घालणाऱ्याचा धाक निराधार नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मग मेळाने काय साधले? त्याचे उत्तर पुढच्या वर्षांनी दिले. २०१० साली 'रॉक बँड'च्या तिसऱ्या भागात हार्मोनिक्सने मिडीसाठी दार उघडले. खरा विद्युत्-ढोलसंच किंवा खरा कीबोर्ड एका जोडणीच्या साहाय्याने खेळाला लावता येऊ लागला, आणि खेळाबरोबर मिळणारा २५ पट्ट्यांचा कीबोर्ड खऱ्या वाद्यांनाही जोडता येऊ लागला. १९८३ सालच्या त्या उदार कराराचे फळ सत्तावीस वर्षांनी एका खेळण्याला मिळाले.

२०१५ साली दोन्ही नावे पुन्हा बाजारात आली, आणि दोघांनी दोन वाटा धरल्या. 'रॉक बँड'च्या चौथ्या भागाने त्याच घराण्याच्या यंत्रांवरील जुन्या गिटारी शक्य तेथे स्वीकारल्या. 'गिटार हीरो लाइव्ह'ने मात्र सहा कळांची, तीन-तीनच्या दोन ओळींची नवीच गिटार आणली. जुन्या गिटारी तिच्यात चालत नव्हत्या. त्याची पुष्कळशी गाणी दूरच्या यंत्रागारातून येत. १ डिसेंबर २०१८ रोजी ती सेवा बंद झाली, आणि सहा कळांच्या गिटारवर तिच्या धन्याने दिलेल्या गाण्यांपैकी सोबतच्या तबकडीवर होती तेवढीच उरली. वाद्य मोडले नव्हते, कळा झिजल्या नव्हत्या, वाजविणाऱ्याची बोटेही शाबूत होती. गाणीच निघून गेली होती.

पाच कळांच्या जुन्या गिटारी मात्र अडगळीतून बाहेर आल्या. २०१७ पासून हौशी मंडळींनी केलेला 'क्लोन हीरो' हा विनामूल्य खेळ संगणकावर मिळू लागला. ॲक्टिव्हिजनची गिटार असो की 'रॉक बँड'ची, तो दोघींनाही ओळखतो. ज्या मेळासाठी कंपन्यांना वर्षभर करार जमला नाही तो खेळणाऱ्यांनी आपल्या फावल्या वेळात घडविला. २०२१ साली हार्मोनिक्स एपिक गेम्सकडे गेली आणि २०२३ सालच्या डिसेंबरात तिने 'फोर्टनाइट फेस्टिव्हल' हा नवा वाद्यवृंदाचा खेळ आणला. २०२४ साली त्यासाठी नवी गिटार निघाली, ती पाच कळांचीच. तीच गिटार 'रॉक बँड'च्या चौथ्या भागातही चालते. दरम्यान २०२३ साली खुद्द ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेली. २००७ सालच्या भांडणातले धनी असे बदलले. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या, निळ्या, नारिंगी कळांचा क्रम तेवढा बदलला नाही. कारण तो आता कोणा कंपनीच्या दप्तरात नव्हता, लोकांच्या बोटांत होता.

श्रोतेहो, वाद्य विकत घेणारा माणूस केवळ लाकूड, तार किंवा प्लॅस्टिक घेत नाही. त्यावर तो आपल्या आयुष्यातले तास खर्च करतो, बोटांना वळण लावतो, आणि ते वळण त्याचे स्वतःचे असते. त्याची पावती कोणत्याही दुकानाने दिलेली नसते. वाद्याला कुलूप घातले, की त्या वळणालाही कुलूप बसते. व्यापाऱ्याने आपल्या श्रमाचे मोल जरूर घ्यावे, पण एकदाच घ्यावे. त्यानंतर ते वाद्य कोणत्या गाण्याला साथ करील हे ठरविण्याचा अधिकार वाजविणाऱ्याकडे गेला पाहिजे. बफेलोला जमलेल्या पियानोवाल्यांना हे समजले, काकेहाशी आणि स्मिथ यांना समजले. मिरजेच्या कारागिराला तर ते कोणी समजावून सांगण्याची वेळच आली नाही. तो तंबोरा जुळवून हाती देतो, आणि गवई कोणत्या घराण्याचा हे न विचारता पुढच्या भोपळ्याकडे वळतो.